ताईचं ‘झालं’

गाजरं उपटून झाली आणि आभाळ येऊन बसलं. आधी आलं असतं तर गाजरं जमिनीतच राहिली असती, मागून आलं असतं तर वाळून पोत्यात गेली असती. पण आभाळाला दुसऱ्याची अडचण विचारायची सवय नसते. अंगणभर गाजरांचे ढीग, त्यांच्यावर ओली गोणपाटं, आणि वर राखेच्या रंगाचं छत. पाऊस म्हणावा तर पडत नव्हता, ऊन म्हणावं तर त्याचा पत्ता नव्हता. दोरीवरच्या कपड्यांना आंबूस वास यायला लागला होता, आणि तेच अंगावर घालून माणसं कामाला लागत होती.

या घराचा धंदा भाज्या वाळवण्याचा. गाजर, कोबी, घेवडा, जे हंगामाला येईल ते चिरायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, जाळीच्या चौकटींवर पसरायचं आणि कडकडीत वाळलं की पोती भरायची. पोती पुडीवाला न्यायचा. हा शहरातला माणूस, वाळल्या भाज्यांत मसाला मिसळून सुपाच्या पुड्या करायचा. त्याला मोठी गोड बोलायची सवय होती, पण मालाच्या बाबतीत त्याचं एकच म्हणणं असे, की गरम पाण्यात टाकल्यावर गाजर पुन्हा गाजर झालं पाहिजे, चामडं नाही.

ते गाजर होणार की चामडं, हे घरात एकच माणूस सांगू शकायचं. ती म्हणजे ताई. भाऊ तिला ताई म्हणायचा म्हणून चिरायला येणाऱ्या बायकाही ताई म्हणायच्या, तिच्याहून वयानं मोठ्या होत्या त्यासुद्धा. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला “चार दिवस भावाकडे जाऊन ये” म्हणून धाडलं होतं, आणि ते चार दिवस अजून सरले नव्हते. मूलबाळ नव्हतं. परत बोलवायला कुणी आलं नाही आणि आपण होऊन जायला तिला तोंड नव्हतं. भावाकडे आली तेव्हा घरात तिला करण्यासारखं काही नव्हतं, कारण भावजय कामाला वाघीण होती. मग ताईनं अंगणातली चौकट धरली. उन्हात उभं राहून काप उलटायचे, वाऱ्याकडे पाठ करून धूळ अडवायची, आणि वाळत आलं की ओंजळभर काप कानाशी नेऊन हलवायचे. त्या आवाजावरून ती सांगायची. “नाही” म्हणाली तर चौकट परत उन्हात. “झालं” म्हणाली की पोतं शिवायचं. तिच्या ‘झालं’शिवाय या घरात दाभणात सुतळी ओवली जात नसे.

एवढ्या एका शब्दावर ती त्या घरात राहत होती. निदान तिचा स्वतःचा हिशेब तसा होता. खाल्ल्या अन्नाची फेड त्या शब्दात होते, आणि तो आहे तोवर आपण कुणावर भार नाही, असं ती धरून चालली होती. तिच्या तळहातांची कातडी गाजरांनी कायमची पिवळट झाली होती, अंगठ्याच्या नखात चीर पडून ती भरून यायचं नाव घेत नव्हती. त्या चिरेत तिखट-मीठ गेलं की ती दात आवळायची, पण हात दाखवून कधी रडली नाही.

आभाळ हटेना तेव्हा भावानं जाळावर माल वाळवायची खोली बांधायला काढली. अंगणाच्या कडेला जुन्या विटांची, वर पत्रा, बाहेरच्या बाजूला लोखंडी पिंप आडवं टाकून त्यात लाकडाचा जाळ, पिंपातून निघालेला पाइप खोलीतून फिरवून धुराड्यानं बाहेर, आणि भिंतीत एक पंखा. दारात आतली उष्णता दाखवणारा काटा लावला होता. वेल्डिंगवाल्यानं पाइप जोडताना सांगितलं होतं, की आधी जाळ मंद ठेवा, वरची झडप उघडी ठेवा, वाफ जाऊ दे, घाई करू नका. भावानं मान हलवली होती. सगळेच अशा वेळी मान हलवतात.

पहिला घाणा लावला त्या दिवशी लाकडं ओली होती. जाळ धरता धरत नव्हता, धूर तेवढा मुबलक. भावजय पिंपासमोर उकिडवी बसून फुंकत होती, डोळ्यांतून पाणी, नाकाखाली काजळी. शेडमध्ये बायका फळ्या मांडून चिरत होत्या. त्यांच्यात एक होती तिला सगळ्या रेडिओ म्हणत, कारण ती सकाळी सुरू झाली की संध्याकाळी हात धुतानाच बंद व्हायची. ताई उकळत्या पातेल्याशी होती. झाऱ्यानं काप आत सोडायचे, कडा जराशा पारदर्शक दिसल्या की काढून गार पाण्यात. नवीन बाई कामाला आली की ताई तिला सांगायची, गाजराला पाणी नुसतं दाखवायचं, पाजायचं नाही. कमी दाखवलं तर पोत्यात काळं पडतं, जास्त झालं तर गोडी पातेल्यातच राहते. वाफेनं तिचा चेहरा सुजल्यासारखा व्हायचा.

संध्याकाळच्या आत भावानं खोलीचं दार उघडलं. चौकटीवरचे काप आक्रसून नाण्याएवढे झाले होते. ताईनं ओंजळ भरून कानाशी नेली, हलवली, एक काप मोडून नख रोवून बघितलं, आणि म्हणाली, “नाही.”

भावजय जाळापुढून उठली. दिवसभर फुंकून तिचं डोकं भणभणत होतं. ती म्हणाली, “खोली आल्यापासून तुम्हाला काही होतच नाही, वन्सं. तुमचा सूर्य रजेवर गेलाय, त्याला आम्ही काय करणार?”

बायका हसल्या. रेडिओ तर फळीवर सुरी ठेवून हसली. भावही मिशीत हसला, वाईट मनानं नाही, थकलेलं माणूस कशालाही हसतं तसा. भावजयीनं बडबडत चौकटी परत आत सारल्या आणि पुन्हा जाळापुढे जाऊन बसली. ताई पातेल्यातलं पाणी ओतायला मागं गेली. पाणी ओतून झालं तरी ती तिथंच रिकामं पातेलं धरून उभी होती. तिला ते हसणं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तोच घाणा बाहेर काढला तेव्हा ती “झालं” म्हणाली. माल खरंच देखणा होता, उन्हातल्यापेक्षा रंगानं उजळ. भावानं एक काप बाटलीच्या बुचासारखा दोन बोटांत धरून उजेडात बघितला. जेवताना तो खुशीत होता. म्हणाला, अंगणात चार दिवस लागायचे ते खोलीत दीड दिवसात झालं, पुढच्या हंगामाला दुसरी खोली बांधू, मग एवढी माणसं पोसायची कशाला. भावजय म्हणाली, तेच म्हणते मी, निम्मी माणसं नुसती बसून असतात. दोघं चिरणाऱ्या बायकांबद्दल बोलत होते. रेडिओचं नावही निघालं. पण ताईनं ते आपल्यावरच घेतलं. तिनं ताट उचललं आणि सगळ्यांची भांडी घासायला नेली, भावजयीचीसुद्धा.

त्यानंतर ती दुप्पट कामाला लागली. लाकडं फोडायची, पिंपातली राख काढायची, चौकटी धुवायची. कुणी बसलेली बघेल म्हणून चहासुद्धा उभ्यानं प्यायची. माणूस एकदा आपण जड झालोय असं समजून बसलं, की त्याला साध्या नजरेतही वजनकाटा दिसतो.

मग पुडीवाल्याचा निरोप आला. त्याच्याकडचा माल संपला होता, यंत्र उभं होतं, कामगार हातावर हात ठेवून बसले होते. उद्या दुपारी टेंपो पाठवतो, असेल तेवढं सगळं भरा, म्हणाला. नाही म्हणालात तर दुसरीकडून उचलावं लागेल, हेही त्यानं गोड आवाजात सांगितलं.

भाऊ उठला आणि त्यानं गोठ्याची मोडकी कवाडं फोडायला घेतली. जुनं, सुकं लाकूड होतं, धडाडून पेटणारं. शेडमध्ये बायकांना त्यानं अंधार पडेपर्यंत थांबवलं. शेवटी शेवटी त्यांचे हात चालेनात. पातळ काप काढायला मनगटात जोर आणि डोळ्यात लक्ष लागतं, दोन्ही संपलं होतं. काप जाड पडायला लागले. एकीनं बोट कापून घेतलं, ते फडक्यात गुंडाळून ती पुन्हा बसली. रेडिओ गप्प झाली होती, यावरून काय ते समजावं. जाड काप ताईला पातेल्यात दिसत होते. ती एकदा म्हणाली, जरा पातळ घ्या गं. कुणी मान वर केली नाही, आणि तीही पुन्हा म्हणाली नाही.

सकाळी सगळा माल खोलीत गेला. एका चौकटीवर दोन चौकटींचा माल होता, काप एकमेकांवर चढलेले. भावानं जाळ पहिल्यापासूनच मोठा लावला आणि उष्णता बाहेर जाते म्हणून वरची झडप लावून घेतली. काटा चढत गेला, तसा तो खूश होत गेला. भावजयीला म्हणाला, थांबू नकोस, घाल. ती घालत होती. पिंप लालसर दिसायला लागलं. खोलीच्या पत्र्यावर वाफ थबथबून आतल्या आत गळत होती, त्याचा आवाज बाहेर यायचा. ताईला तो आवाज आवडला नाही. ती दोनदा दारापर्यंत गेली आणि दोनदा परत आली.

दुपारी टेंपो आला. ड्रायव्हर उतरला, त्यानं शेडच्या सावलीत अंग टाकलं आणि टोपी तोंडावर घेतली. भावानं दार उघडलं. आतून गोड, करपट असा झोत आला. चौकटी भराभर बाहेर आल्या. काप असे काही लखलखीत दिसत होते की बायका बघायला उठल्या. भगवा रंग जसाच्या तसा, कडा वळलेल्या, वरून चकाकी. भावानं एक चौकट हलवली तर खडखड वाजली.

“ताई, बघ,” तो म्हणाला. त्याचा घाम हनुवटीवरून गळत होता. मागं ड्रायव्हर कुशीवर वळला. भावजय फुंकणी हातात धरून उभी होती.

ताईनं ओंजळ घेतली. काप गरम होते. कानाशी नेऊन हलवले तर आवाज आला, पण फार आला. उन्हात वाळलेलं गाजर हलकं वाजतं, वाळल्या पानासारखं. हे खड्यासारखं वाजत होतं. तिनं एक काप दाताखाली धरला. वरचं कवच काचेसारखं फुटलं आणि मग दात किंचित रुतला. आत ओल होती. जाळानं वरची कातडी आधीच कडक करून टाकली होती आणि आतलं पाणी आतच कोंडलं होतं.

अशी शंका आली की ताई काप काचेच्या बरणीत घालून झाकण लावायची आणि बरणी खिडकीत ठेवायची. सकाळी काचेला घाम आला असेल तर माल ओला. पण त्याला माल आधी गार व्हावा लागतो आणि मग एक रात्र लागते. गरम काप कोंडले तर बरणी घामेजणारच, त्यावरून काही कळत नाही. आता रात्र कुठून आणायची? टेंपो दारात होता. ताईनं भावाकडे बघितलं, मग भावजयीकडे बघितलं. भावजय तिच्या तोंडाकडेच बघत होती. ताईच्या कानात ते त्या दिवशीचं हसणं उभं राहिलं. नाही म्हणावं, तर खोलीच्या वाईटावर आहे म्हणतील. माणसं कमी करायची आहेतच, त्यात आपण आपल्या पायानं पुढे जाऊन उभं राहायचं. आणि असंही वाटलं, की असेल थोडी ओल, जाईल पोत्यात मुरून, सगळीकडे सारखी पसरेल. कधी कधी तसं होतंही.

तिनं दातातला तुकडा गिळला.

“झालं,” ती म्हणाली.

भावानं सुतळी तोडायला घेतली. पोत्यांना आतून प्लास्टिकची अस्तरं होती. काप गरम गरमच आत गेले, तोंडं आवळली गेली, दाभणं चालली. ताईनंही पोती शिवली. अंगठ्याच्या चिरेत दाभण लागलं, रक्त आलं, ते तिनं पोत्यालाच पुसलं. टेंपो गेला तेव्हा भाऊ कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. त्या चेहऱ्याकडे ताईला बघवेना.

पुढचे दिवस ती कशी वागली ते रेडिओनं नंतर सगळ्यांना सांगितलं. म्हणे रस्त्यावर गाडी वाजली की ताईच्या हातातलं काम थांबायचं. एकदा तर दूधवाल्याची गाडी होती, तरी हिच्या हातून झारा पातेल्यात पडला. रेडिओला मीठ-मसाला लावायची खोड आहे, पण हे तिनं लावलेलं नव्हतं.

टेंपो परत आला तेव्हा पुढे ड्रायव्हरशेजारी पुडीवाला स्वतः बसला होता. पोती होती तशीच मागं होती. तो उतरला, सगळ्यांना नमस्कार केला, चहा नको म्हणाला. एका पोत्याची शिवण त्यानं चाकूनं उसवली आणि अस्तर उघडलं. वास शेडभर झाला. बंद तळघराचा, आंबल्या फडक्याचा वास. वरचे काप अजून भगवे होते. त्यानं हात घालून खालचे काढले तर त्यांच्यावर राखाडी, हिरवट लव आली होती, आणि चारपाच काप एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता.

“गरम पाणी आणा,” पुडीवाला म्हणाला.

भावजयीनं वाडग्यात आणलं. त्यानं वरचे, दिसायला चांगले होते ते काप त्यात टाकले आणि वाडगा फळीवर ठेवला. सगळे वाडग्याभोवती उभे राहिले, आजारी माणसाभोवती राहतात तसे. काही झालं नाही. काप फुगले नाहीत. पाणी गार होत गेलं, वर एक तवंग आला, आणि काप वळलेल्या कडांनिशी तसेच पडून राहिले. पुडीवाल्यानं एक बोटांत धरून दाबला. वरची कातडी तशीच राहिली आणि मधून बुळबुळीत काहीतरी बाहेर आलं. त्यानं बोटं रुमालाला पुसली.

“माझीही चूक आहे,” तो म्हणाला. “रंगावर भाळलो. आल्या दिवशी भिजवून बघायचं, ते बघितलं नाही. नशीब, मसाला यायला उशीर झाला, पुड्या भरल्या नव्हत्या. पण आता या वर्षी तुमच्याकडून माल घेता येणार नाही. मलाही पुढं गिऱ्हाइकांना तोंड द्यावं लागतं.”

भावानं पोत्याचं अस्तर मिटलं.  मग त्यानं वळून ताईकडे बघितलं. चिरणाऱ्या बायका, ड्रायव्हर, पुडीवाला, सगळ्यांच्या देखत त्यानं विचारलं, आणि आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त वाईट होतं.

“ताई, तू झालं म्हणालीस ना?”

जाळाचं, झडपेचं, जाड कापांचं, टेंपोचं, सांगण्यासारखं खूप होतं. सगळं खरं होतं.

“म्हणाले,” ताई म्हणाली.

पोती उतरवून टेंपो गेला. माल परत वाळवून काही निघतंय का म्हणून दोन दिवस सगळ्यांनी निवडून बघितलं. नाकाला फडकी बांधून काप वेगळे करायचे, लव पुसायची, चौकटीवर पसरायचे. जे बरे वाटले ते मंद जाळावर ठेवले, तर ते तपकिरी पडले आणि चवीला कडू लागले. गुरांपुढे टाकले तर गुरांनी हुंगून तोंड फिरवलं. शेवटी भावानं परसात खड्डा खणायला घेतला. जमीन दमट, चिकट, फावड्याला लोंबणारी. ताईनं दुसरं फावडं घेतलं. दोघं भावंडं एका खड्ड्यात उतरून खणत होती. लहानपणी त्याला पाठीवर घेऊन हिनं हेच परस तुडवलं होतं. आता त्याचा श्वास तिच्या कानाशी चालत होता आणि तिला त्याच्या तोंडाकडे बघायचा धीर नव्हता. पोती आत गेली, माती वर आली, आणि त्यांनी पायांनी ती दाबून टाकली.

चौकटी धुवायच्या होत्या. लव जाळीत धरून बसली होती, घासून निघत नव्हती. ताई आणि भावजय हौदावर समोरासमोर बसून घासत होत्या.  मग भावजय खाली बघूनच म्हणाली,

“तुम्हाला कळलं होतं ना, वन्सं?”

ताई जाळी घासत राहिली.

“दात लावलात तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता नाही म्हणतील. मी लाकडंसुद्धा बघून ठेवली होती, रात्रभर पुरतील का म्हणून.”

“टेंपो उभा होता,” ताई म्हणाली.

“उभा राहिला असता. ड्रायव्हर घोरत होता.”

ताईच्या हातातला कुंचा थांबला. ती म्हणाली, “आणि तू काय म्हणाली होतीस त्या दिवशी? सगळ्यांसमोर? खोली आल्यापासून तुम्हाला काही होतच नाही म्हणून?”

“म्हणाले होते. माझं तोंड तसंच आहे, ते का आज कळलं तुम्हाला?” भावजयीनं पहिल्यांदा वर बघितलं. तिचे डोळे धुरानं अजून लाल होते. “पण त्या चौकटी परत आत कुणी ठेवल्या? जाळ कुणी केला? मी बडबडत होते आणि लाकडं घालत होते. इतक्या वर्षांत तुमच्या नाहीला मी कधी नाही म्हटलंय? घरात भांडले असेन, कुढले असेन. पण तेवढ्या एका गोष्टीत मी डोळे मिटून होते.”

ती चौकट उचलून उभी राहिली. निथळणारं पाणी तिच्या पायावर पडत होतं.

“आमचं चुकलं, जाळ जास्त केला,” ती म्हणाली. “आम्हाला काय कळतं? आम्हाला कळत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?”

ती चौकट भिंतीला लावायला गेली. ताई हौदावर बसून राहिली. ज्या नजरेला भिऊन ती खोटं बोलली होती, ती नजर तिच्या ‘नाही’ची वाट बघत होती, हे कळून आता काही उपयोग नव्हता. तिला रडू आलं, पण हात राखाडी लवेनं भरलेले होते, डोळे पुसता येईनात.

मग आभाळ हटलं. इतकं लख्ख ऊन पडलं की राग यावा. पुडीवाला गेला तरी पोट गेलं नव्हतं, म्हणून भावानं बाजारात सुटा विकायला थोडा घेवडा आणला आणि अंगणात पुन्हा चौकटी मांडल्या गेल्या. ताई सकाळी उठून अंगणात गेली, तर भावजय आधीच शेंगा उलटत होती. ताईनं हात पुढे केला. भावजय म्हणाली, “राहू द्या, वन्सं. बसा तुम्ही.”

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. ताईनं राख काढायचं घमेलं उचललं तर ते भावानं हातातून घेतलं. म्हणाला, अंगठा बरा होऊ दे, खूप केलंस आजवर. त्यानं आतून खुर्ची आणून सावलीत ठेवली. जेवताना भावजयीनं तिला आधी वाढलं, गरम गरम, आणि सगळ्यांचं होईपर्यंत दोनदा विचारलं, काही हवं का. भांडी घासायला उठली तर म्हणाली, तुम्ही कशाला. भावजयीच्या तोंडून एक टोमणा नाही. इतकी वर्षं ज्या तोंडाचा पट्टा ऐकून ताईचे कान किटले होते, ते तोंड आता तिच्याशी जपून, हळू बोलत होतं.

घेवडा वाळत आला. भावानं ओंजळ घेऊन हलवली, बायकोच्या कानाशी नेली. तिनं खांदे उडवले. रेडिओला हाक मारली. रेडिओनं दोन शेंगा मोडल्या, वास घेतला, झालं असावं म्हणाली. मग भावानं एक शेंग दाताखाली धरून बघितली, आणि काही ठरेना म्हणून आणखी एक दिवस चौकट उन्हात ठेवली. हे सगळं खुर्चीपासून हाकेच्या अंतरावर चाललं होतं. ताईला तिथून शेंगांचा आवाज ऐकू येत होता. झालं होतं, कालच झालं होतं. आता ठेवून ठेवून शेंगा पिवळ्या पडणार होत्या. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. कुणी विचारलं नव्हतं, आणि आता तिनं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, मान हलवली असती, आणि चौकट तरीही उन्हातच ठेवली असती.

दुपारी भावजयीनं चहा आणला. बाकीच्यांना पेले, ताईला कपबशी. ती कपबशी कपाटातली होती, पुडीवाला आला की निघायची. ताईनं ती दोन्ही हातांनी घेतली. भाऊ पायरीवर बसून पेल्यातून पीत होता.  चहा संपल्यावर ताईनं बशी मांडीवर ठेवली आणि विचारलं,

“गावातून गाडी किती वाजता असते रे हल्ली?”

भावजय दारात थांबली. भावानं पेला खाली ठेवला, मिशी पुसली. कुठं जातेस, असं त्यानं विचारलं नाही. जाण्यासारखं तिला कुठं नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं वेळ सांगितली. मग जरा थांबून, तिच्या काळजीनंच, तो म्हणाला की सकाळच्या गाडीला गर्दी कमी असते, बसायला जागा मिळेल.